कोण कुणाला काय म्हणतो?

माणसाला नावे दोन असतात. एक नाव बारशाला आत्या ठेवते. दुसरे नाव गाव ठेवते. आत्याने ठेवलेले नाव शाळेच्या दाखल्यावर आणि रेशनकार्डावर राहते. गावाने ठेवलेले नाव मात्र दिवसातून दहा वेळा कानांवर पडते. कुणी उंच असला की त्याला ताडमाड म्हणतात. कुणी मुंबईहून परत आला की तो जन्मभर ‘मुंबईकर’ होऊन बसतो. हे तुम्हांला सांगायला नको. तुमच्याही गावात अशी पंचवीस-तीस नावे असतील.

पण जशी माणसाला टोपणनावे असतात, तशी मुलखालाही असतात. एका मुलखातली माणसे दुसऱ्या मुलखातल्या माणसांना काहीतरी म्हणतात. आपला देश मोठा. भाषा पुष्कळ, वेश पुष्कळ, खाणे वेगवेगळे. तेव्हा अशी नावेही पुष्कळ. काही नावे मानाची आहेत, काही नुसती ओळखीची आहेत, आणि काही जिव्हारी लागणारी आहेत. ती कुठून आली, ते या पाठात पाहू.

आम्ही राहतो कोल्हापुरात, शाहूपुरीत. तेव्हा घरापासूनच सुरुवात करू. शाहूपुरी हे काही जुने गाव नव्हे. कोल्हापुरास १८९१ साली रेल्वे आली. पुढे १८९५ साली शाहू छत्रपतींनी स्टेशनजवळ गुळाच्या व्यापारासाठी ही पेठ वसवली. पेठेला त्यांचेच नाव मिळाले. त्यांच्या चिरंजीवांच्या नावाने राजारामपुरी झाली. वडिलांच्या नावाने, म्हणजे जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने, १९१७ साली जयसिंगपूर वसले. ही झाली सरकारी नावे. पण पेठेच्या आत शिरा. तिथे पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली असे नुसते आकडे आहेत. आणि जिथे कुंभार मंडळी राहतात आणि गणपतीच्या मूर्ती करतात, ती झाली कुंभार गल्ली. तिला राजाने नाव दिले नाही, लोकांनी दिले. कामावरून नाव, हा लोकांचा पहिला नियम.

दुसरा नियम आहे जागेचा. तो जरा नीट समजून घ्या, कारण त्यात गंमत आहे.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्री. गगनबावड्याहून करूळचा घाट उतरला, किंवा दाजीपूरवरून फोंड्याचा घाट उतरला, की खाली कोकण लागते. आपण खाली राहणाऱ्याला कोकणी म्हणतो. रागाने बोलायचे झाले तर ‘कोकण्या’ म्हणतो. खालचा माणूस वर बघतो आणि म्हणतो, हा घाटावरचा. म्हणजे घाटी. ‘घाटी’ या शब्दाचा मूळ अर्थ एवढाच. घाटाच्या वर राहतो तो घाटी. त्यात शिवी कुठे आहे? कुठेच नाही. डोंगर मध्ये आहे. एक त्याच्या वर, एक त्याच्या खाली. ज्याने त्याने उभ्या जागेवरून दुसऱ्याला नाव दिले.

मग त्या शब्दाची शिवी कशी झाली? ती मुंबईत झाली.

मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या, तेव्हा कामाला माणसे लागली. कोकणातून आली, तशी साताऱ्याहून, सांगलीहून, कोल्हापुरातून आली. पन्हाळा, शाहूवाडी, गारगोटी, आजरा, चंदगड इकडची किती घरे अशी असतील की ज्यांचा कर्ता माणूस गिरणीत होता! एका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसे राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर आडवी व्हायची. जेवण खानावळीत. काही जण गोदीत हमाली करीत. काही जण साहेबाच्या, शेठजीच्या घरी भांडी घासत, मुले सांभाळीत. अशा घरगड्याला तर मुंबईत ‘रामा’च म्हणायचे. त्याचे स्वतःचे नाव गणपत असो की तुकाराम असो, मालकाला तो रामाच.

या अंगमेहनतीच्या माणसांना शहरातले लोक ‘घाटी’ म्हणू लागले. म्हणता म्हणता शब्दाचा अर्थ बदलला. घाटावरचा हा अर्थ मागे पडला. ‘अडाणी, गबाळा, ज्याला शहरात वागता येत नाही तो’ असा अर्थ पुढे आला. गोव्यातही वरून कामाला गेलेल्या माणसाला घाटीच म्हणतात. तो मराठी बोलो की कानडी बोलो, त्याला नाव एकच.

आम्ही शाळेत असताना सुट्टीला मुंबईची मुले गावी यायची. एकाने दुसऱ्याला चिडवायला ‘घाटी’ म्हटले, तर दुसरा त्याच्या अंगावर धावून जायचा. दोघेही एकाच गावचे. दोघांचे बापही गिरणीतच. तरीही ‘घाटी’ म्हटल्याबरोबर भांडण! यावरून शब्द किती तापला होता, ते ध्यानात येईल.

आता याच्या उलट एक दाखला. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद. तिथे सरकारी मेडिकल कॉलेजचे मोठे इस्पितळ आहे. त्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणतो. ‘पेशंटला घाटीत नेला’ असे लोक सहज बोलतात. तिथे तो शब्द म्हणजे गरिबाचा आधार. म्हणजे शब्द एकच. मुंबईच्या रस्त्यावर तो शिवी होतो आणि संभाजीनगरला तो दवाखाना होतो.

कोकणातल्या माणसालाही मुंबईने नाव दिले. खरे म्हणजे त्याच्या गावानेच दिले. मुंबईत नोकरी करणारा तो ‘चाकरमानी’. गणपतीला आणि शिमग्याला गावी येतो. येताना पेटी भरून आणतो. त्याच्या मनिऑर्डरीवर मागे घर चालते. चाकरमानी हा शब्द कोकणात अजून मानाने घेतात. मुंबईला जाऊन राबायचे काम दोघांनी सारखेच केले. पण कोकणातल्याचे नाव त्याच्या आईने ठेवले, आणि घाटावरल्याचे नाव मालकाने ठेवले. फरक पडला तो इथे.

आमच्या मते या पाठातली मुख्य गोष्ट हीच आहे. नाव कोणते आहे, यापेक्षा ते कोणी ठेवले आणि कोणत्या सुरात उच्चारले, याला महत्त्व आहे.

आता जरा महाराष्ट्रात फिरून येऊ.

पुण्याच्या पश्चिमेला डोंगरातली खोरी आहेत. त्यांना मावळ म्हणतात. मावळतीकडचा मुलूख तो मावळ. तिथे राहणारा तो मावळा. साधी डोंगरातली माणसे. भात पिकवावा, नाचणी खावी, कडेकपारी चढावे. पण शिवाजी महाराजांनी या माणसांना बरोबर घेतले आणि गड सर केले. तेव्हापासून ‘मावळा’ म्हणजे नुसता डोंगरातला माणूस राहिला नाही. आज विदर्भातला पोरगासुद्धा छाती काढून स्वतःला मावळा म्हणवतो. त्याने मावळ कधी पाहिलेही नसेल. जागेचे नाव पराक्रमाने असे मोठे होते.

‘मोगलाई’ या नावाचे मात्र उलटे झाले. हैदराबादच्या निजामाचा जो मुलूख होता, त्याला आपल्याकडची जुनी माणसे मोगलाई म्हणत. मराठवाडा त्यात होता. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाचे राज्य गेले. मोगलाई संपली. पण शब्द बोलण्यात राहिला. कुणी दांडगाई केली की आपण विचारतो, ‘काय मोगलाई लागून गेली काय?’ बिचाऱ्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याने त्या राज्यात सोसले. आणि नाव मात्र आपल्या तोंडी त्याच्या मुलखाचे!

वऱ्हाडची काळी जमीन कापसाची. एके काळी तिथे पैसा फार. म्हणून म्हण पडली, ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’. आपल्याकडे वऱ्हाडी म्हटले की लग्नाला आलेली मंडळी डोळ्यांपुढे येतात. तिकडे वऱ्हाडी म्हणजे तिथला रहिवासी आणि त्याची बोली. आमच्या एका स्नेह्यांच्या घरी अमरावतीचे पाहुणे आले होते. शेजारीण म्हणाली, वऱ्हाडी आलेत, लग्न कधी आहे? हसून पुरेवाट झाली.

माण नदीच्या काठचा कोरडा मुलूख तो माणदेश. माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत ही त्यातली गावे आणि तालुके. पाऊस कमी, मेंढरे पुष्कळ. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ हे पुस्तक १९४९ साली निघाले. तोवर माणदेशी म्हणजे दुष्काळी, एवढेच लोकांना ठाऊक होते. त्या पुस्तकाने त्या माणसांची ओळख शहरातल्या वाचकाला करून दिली. बाकी पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात, नागपूरला संत्रानगरी म्हणतात, हे तुम्ही ऐकलेच असेल. त्यात फारसे सांगण्यासारखे नाही.

कोल्हापूरला मात्र किती नावे! मूळचे करवीर. ते आजही तालुक्याचे नाव आहे. अंबाबाईमुळे ‘दक्षिण काशी’. खासबागेचे कुस्तीचे मैदान शाहू महाराजांच्या वेळेस बांधले गेले. ते १९१२ साली पुरे झाले. पंजाब-हरियाणाचे पैलवानही इथल्या तालमीत येऊन राहत. म्हणून ‘मल्लविद्येची पंढरी’. बाबूराव पेंटरांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पुढे १९२९ साली प्रभात कंपनीही इथेच निघाली, आणि १९३३ साली पुण्याला गेली. म्हणून ‘कलापूर’.

यातले ‘दक्षिण काशी’ हे नाव पाहा. पैठणचे लोक म्हणतात आमचे पैठण दक्षिण काशी. वाईचे लोक म्हणतात आमची वाई दक्षिण काशी. नाशिककरही मागे नाहीत. खरी काशी एकच, आणि दक्षिण काशी पाहावी तिकडे! यात कोण खरे, कोण खोटे, याचा वाद घालू नये. उत्तरेला इतक्या लांब चालत जायचे, परत येऊ की नाही याचा भरवसा नाही. मग जवळचे तीर्थ तेच आपले काशी. गरिबाने काढलेली ही वाट आहे. आपल्याजवळचे नंदवाळ हे ‘प्रतिपंढरपूर’ झाले, तेही असेच.

इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात. मँचेस्टर हे विलायतेतले कापडगिरण्यांचे शहर. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला आणि पुढे गावभर मागांचा खडखडाट सुरू झाला. म्हणून हे नाव. पण अहमदाबादला ‘भारताचे मँचेस्टर’ म्हणत. कोइमतूरला ‘दक्षिणेचे मँचेस्टर’ म्हणतात. कानपूरलाही ‘पूर्वेचे मँचेस्टर’ म्हणत. आणि मँचेस्टरच्या त्या जुन्या कापडगिरण्या? त्या केव्हाच बंद पडल्या. थोरली बहीण गेली, पण तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धाकट्या अजून मागावर बसल्या आहेत. इचलकरंजीच्या विणकराला स्वतःच्या गावाचे नाव पुरेसे असावे, असे आम्हांला वाटते. पण लोकांना दुसऱ्याच्या मोठेपणाचा आधार लागतो.

आता मालाच्या नावांकडे वळू. इथे नावाला पैसा आहे.

चादर म्हटली की सोलापुरी. मिरची म्हटली की संकेश्वरी नाही तर ब्याडगी. ही दोन्ही गावे आज कर्नाटकात आहेत. पण त्यांच्या मिरचीवाचून आपला कांदा-लसूण मसाला होत नाही. इरकल लुगडे इळकल गावचे. पैठणी पैठणची, पण आता विणतात मुख्यतः येवल्यात. हिंदीत साखरेला ‘चीनी’ म्हणतात, आणि खडीसाखरेला ‘मिसरी’ म्हणतात. चीनी म्हणजे चीन देशाची, आणि मिसर म्हणजे इजिप्त देशाची, असे जाणकार सांगतात. देशाचे नाव असे पदार्थाला चिकटते. आणि एकदा चिकटले की सुटत नाही.

कोल्हापुरी चप्पल ही तर जगभर गेली. आपण तिला पायताण म्हणतो. तिच्यात पुन्हा कापशी हा एक प्रकार. कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून तो पडला. म्हणजे गावाच्या नावात पुन्हा गावाचे नाव. ही चप्पल नुसत्या कोल्हापुरात होत नाही. सांगली, सातारा, सोलापूर, आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांतही होते. अथणीचे कारागीर ही चप्पल फार सुबक करतात. तेही तिला कोल्हापुरीच म्हणून विकतात.

पूर्वी यावर तंटा व्हायचा. हे नाव कुणी वापरावे? आता त्याला कायदा आहे. १९९९ साली भौगोलिक मानांकनाचा कायदा झाला. शब्द मोठा आहे. अर्थ सोपा आहे. एखाद्या मुलखात पिढ्यान्पिढ्या जो माल होतो, त्या मुलखाचे नाव त्या मालाला लावायचा हक्क तिथल्याच लोकांचा. दुसऱ्याने ते नाव लावून माल विकू नये. कोल्हापुरी गुळाला असे मानांकन २०१४ साली मिळाले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मिळाले, आणि ते वर सांगितलेल्या आठही जिल्ह्यांना मिळून मिळाले. चार महाराष्ट्राचे, चार कर्नाटकचे. भाषेवरून आपण सीमेवर कितीही भांडलो, तरी चपलेवर दोघांची नावे शेजारी शेजारी आहेत.

२०२५ सालच्या जून महिन्यात एक प्रकार घडला. इटली देशात मिलान शहरी प्राडा नावाच्या मोठ्या कंपनीने नव्या तऱ्हेचे कपडे आणि पादत्राणे दाखवली. त्यांतली एक चप्पल पाहून इकडच्या लोकांनी ओळखली. ही तर आपली कोल्हापुरी! पण कंपनीने कोल्हापूरचे नाव कुठे घेतले नव्हते. भारताचेही घेतले नव्हते. वर्तमानपत्रांतून ओरड झाली. मग कंपनीने पत्र लिहून कबूल केले की भारतातल्या हातकामाच्या चपलांवरून आम्ही हे घेतले. जुलैमध्ये त्यांची माणसे कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली.

या कारागिरांत बहुतेक चर्मकार समाजातले. कातडे कमावणे, शिवणे, वेणी घालणे हे घरातल्या बायामाणसांनी मिळून करायचे काम. बाजारात चपलेला मान होता, तेव्हा ती करणाऱ्याला गावात मान नव्हता. त्याची वस्ती गावाच्या कडेला आणि तिचे नाव जातीवरून. चप्पल ‘कोल्हापुरी’ झाली, पण ती करणाऱ्याला कोल्हापूरने आपला म्हणायला फार वेळ लावला, हे कबूल केले पाहिजे.

वस्तीच्या नावांचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. गावोगावच्या वस्त्यांना जातीची नावे होती. अजूनही पुष्कळ ठिकाणी लोक बोलताना तीच वापरतात. पत्ता विचारला की जात सांगितल्यासारखे होते. शाळेत नवा मुलगा आला आणि वस्तीचे नाव सांगताना त्याची मान खाली गेली, असे आम्ही नोकरीत कैक वेळा पाहिले. २०२० सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र सरकारने निर्णय केला, की वस्त्यांची जातिवाचक नावे बदलावीत. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असे सुचवले. कागदावर नाव बदलायला एक सही पुरते. तोंडातले नाव बदलायला वेळ लागतो. तुमच्या गावात पाटी बदलली असेल, तर बोलतानाही नवे नाव घ्या. नसेल बदलली, तर ग्रामपंचायतीत विचारा.

आतापर्यंत आपण दुसऱ्याला काय म्हणतो ते पाहिले. आता दुसरे आपल्याला काय म्हणतात ते पाहू.

१७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. चौथाई वसूल करायची म्हणून लूट झाली, गावे जळाली. आपल्या सैन्यात बारगीर असत. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळते असा स्वार. बंगाली माणसाने त्या शब्दाचे ‘बर्गी’ केले. बंगालमध्ये आया मुलांना निजवताना बर्गी येईल म्हणून भीती घालत. ते अंगाईगीत आजही तिकडे ठाऊक आहे. इंग्रजांनी तर कलकत्त्याच्या भोवती १७४२ साली खंदकच खणायला घेतला. त्याचे नाव मराठा खंदक. ‘बारगीर’ शब्द आपल्या कानाला किती चांगला लागतो! आणि तिकडे त्याचा बागुलबुवा झाला. दोन्ही खरे आहे. ज्याच्या हातात भाला होता त्याने एक नाव सांगितले. ज्याचे घर जळाले त्याने दुसरे सांगितले.

याच्या उलट एक गोड नाव ऐका. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याला फार जुन्या काळापासून ज्यू लोक राहत. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणत. घाणीवर तेल गाळायचा त्यांचा धंदा. त्यांच्या धर्मात शनिवार हा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी घाणी बंद. गावकऱ्यांना त्यांचा धर्म काय, ते कुठून आले, हे ठाऊक नव्हते. त्यांनी आपले पाहिले, की हे तेली शनिवारी काम करीत नाहीत. म्हणून नाव ठेवले, ‘शनिवार तेली’. त्यात ना द्वेष, ना चेष्टा. दिसले ते सांगितले. ती माणसे मराठी बोलत आणि गावावरून आडनाव लावत. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर. १९४८ साली इस्राएल देश झाला. पुढे त्यांतले पुष्कळ जण तिकडे गेले. आडनावे बरोबर घेऊन गेले. आज इस्राएलात जन्मलेला एखादा रोहेकर असेल, आणि त्याने रोहा पाहिलेले नसेल.

हे ‘कर’ फार हुशार आहे, बरे का. जो गाव सोडतो त्यालाच ते लागते. कागलमध्ये सगळेच कागलचे, तिथे कागलकर म्हणून कुणाला हाक मारणार? तो निपाणीला गेला, की तिथे कागलकर झाला. आडनावात गाव असले, तर समजावे की या माणसाच्या पूर्वजाने केव्हातरी बोचके बांधून वाट धरली होती. म्हणजे परगावचा माणूस म्हणून हिणवायचे झाले, तर महाराष्ट्रात अर्धे लोक परगावचेच निघतील!

आता साऱ्या देशाकडे नजर टाकू. सगळी नावे सांगत बसलो तर पुस्तक संपेल. दोन-तीनच घेऊ.

दक्षिणेकडच्या कुणालाही आपण ‘मद्रासी’ म्हणतो. तो तमिळ असो, तेलुगू असो, मलयाळी असो. एके काळी याला थोडा आधार होता. इंग्रजी अमदानीत मद्रास इलाखा फार मोठा होता. त्यात तमिळ होते, किनाऱ्याचे तेलुगू होते, मलबार होते. पण १९५३ साली आंध्र वेगळे झाले. १९५६ साली भाषावार राज्ये झाली. १९६९ साली मद्रास राज्याचे नाव तमिळनाडू झाले. १९९६ साली मद्रास शहराचे नाव चेन्नई झाले. आता मद्रास राज्यही नाही आणि मद्रास शहरही नाही. मद्रासी मात्र आपल्या तोंडात जागच्या जागी आहे. केरळचा माणूस याने चिडतो. का चिडू नये? आपल्याला कुणी दिल्लीत गुजराती म्हटले तर आपण काय करू?

आणि ‘भय्या’. उत्तर प्रदेश-बिहारचा माणूस मुंबईत दूध घालायला लागला, टॅक्सी चालवायला लागला. त्याला लोक भय्या म्हणू लागले. हिंदीत भय्या म्हणजे भाऊ. उडप्याच्या हॉटेलात गल्ल्यावर बसलेल्याला आपण ‘अण्णा’ म्हणतो. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ. आणि कोल्हापुरात तर आपण ज्याला त्याला ‘काय भावा’ म्हणतो. तिन्हींचा अर्थ एकच. पण ‘भावा’ म्हटले की माणूस हसतो आणि ‘ए भय्या’ म्हटले की त्याचे तोंड पडते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत लोखंड ओतणारी बिहारची, ओरिसाची पोरे आहेत. आपल्या बापजाद्यांनी मुंबईच्या गिरणीत जे केले, तेच ती इथे करीत आहेत. आपले आजोबा तिकडे ‘घाटी’ होते. ती इथे ‘भय्या’ झाली.

ईशान्येकडच्या लोकांना डोळ्यांच्या ठेवणीवरून ‘चिंकी’ म्हणतात. ती आसाम, मणिपूर, नागालँड, मिझोराम, अरुणाचल अशा राज्यांतली माणसे. आपल्याइतकीच या देशाची. २०१२ साली केंद्र सरकारच्या गृहखात्याने राज्यांना कळवले, की त्या भागातल्या अनुसूचित जमातीच्या माणसाला असे म्हणून हिणवले, तर अॅट्रॉसिटीच्या कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तरीही २०१४ सालच्या जानेवारीत दिल्लीत एका दुकानाशी अरुणाचलच्या एका तरुण विद्यार्थ्याची चेष्टा झाली. त्याच्या केसांवरून, रूपावरून. तो रागावला. मारामारी झाली. त्याला बेदम मारले आणि दुसऱ्या दिवशी तो मेला. पुढे सरकारने समिती नेमली. सुरुवात मात्र नाव ठेवण्यापासून झाली होती.

दिल्ली लांब आहे. आपल्या शिवारात या.

दिवाळी झाली की उसाच्या फडात टोळ्या येतात. बीडकडून येतात, अहिल्यानगरकडून येतात. नवरा-बायको मिळून ऊस तोडतात. हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत काम. या नवरा-बायकोच्या जोडीला काय म्हणतात, ठाऊक आहे? ‘एक कोयता’. मुकादम सांगतो, माझ्या टोळीत बारा कोयते आहेत. म्हणजे चोवीस माणसे. त्यांची पोरे मोजणीत नाहीतच. दोघांच्या हातातले हत्यार तेवढे मोजले. आपण सगळ्यांनी ऐकलेल्या टोपणनावांत आम्हांला हे सर्वांत कठीण वाटते. घाटी म्हटले तरी निदान माणूस म्हणून म्हटले. इथे माणूसच गळाला आणि कोयता राहिला.

फडाच्या मालकाला टोळीचे नाव मुकादमावरून ठाऊक असते. एरवी ‘बीडवाले आले’ एवढेच. सकाळी थंडीत चार वाजता पाचट पेटवून शेकत बसलेली बाई शिरूरची आहे, पाटोद्याची आहे की आष्टीची, हे कुणी विचारीत नाही. तिच्याही गावात तिला आत्याने ठेवलेले एक नाव असते.

या मुलांसाठी काही कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. फडाजवळ कोपीच्या शेजारी पाले ठोकून वर्ग भरायचा. हंगाम संपला की शाळाही संपायची. आमच्या ओळखीचे एक मास्तर अशा शाळेवर होते. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना नावे विचारली. एका पोराने मुकादमाचे नाव सांगितले आणि म्हणाला, मी त्यांच्या टोळीतला. मास्तर म्हणाले, तसे नाही, तुझे सांग. मग त्यांनी हजेरीपट उघडला आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे पोराचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, गाव आणि तालुका ओळीने लिहून घेतला.